डबा शेवटी निवडा

पापडी तलावाजवळून अंबाडी रोडने निघून पूल ओलांडला आणि गोखिवरे, वालीवच्या गॅरेजांकडे गेलं, की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जपानी घराण्यातल्या गाड्या अजून भेटतात. १९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी, तिची २००० सालची व्हीटेक आवृत्ती, मारुतीची इस्टीम, १९९९ची बलेनो सेडान, हिंदुस्तान मोटर्सने आणलेली मित्सुबिशी लान्सर. बहुतेक मालक त्या वापरतात, थोडे जपतात, आणि त्या थोड्यांतल्या काहींना कारखान्याने दिलं त्याहून जास्त हवं असतं. आधी सायलेन्सर बदलतो, मग इनटेक. हौस टिकली तर कॅमशाफ्ट किंवा टर्बोपर्यंत मजल जाते. त्यानंतर प्रश्न येतो तो ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या डब्याचा: कुठला टाकायचा, आणि समोर आलेला डबा नेमका कोणता आहे हे ओळखायचं कसं?

या प्रश्नाला गॅरेजात आणि मित्रमंडळीत बहुधा ब्रँडच्या नावाने उत्तर मिळतं. कुणी हॅलटेक सांगतो, कुणी लिंक, कुणाच्या ओळखीत शारजाहून आलेला जुना अपेक्सी स्वस्तात असतो. माझ्या मते या क्रमातच घोटाळा आहे. इंजिनाची गरज, सेन्सर, इंधन आणि ट्यून करणारा माणूस हे चार मुद्दे ठरल्यावर डब्याची निवड जवळपास आपोआप होते. ते न ठरवता घेतलेला सर्वांत महाग डबाही पुढे डिकीत पडून राहतो.

वसईकरांना हा विषय वाटतो तितका परका नाही. इथे सीएनजीवर चालणाऱ्या हजारो गाड्यांमध्ये एक जास्तीचा ईसीयू आधीच बसलेला आहे. सिक्वेन्शियल सीएनजी किटमधला लोव्हाटो, टोमासेट्टो किंवा बीआरसीचा छोटा डबा मूळ ईसीयूकडून पेट्रोल इंजेक्टरला जाणारा सिग्नल मध्येच अडवतो, त्या सिग्नलच्या मिलिसेकंदांचं गॅसच्या हिशेबात रूपांतर करून गॅसचे इंजेक्टर उघडतो, आणि पेट्रोलचे इंजेक्टर अजून चालूच आहेत असं मूळ ईसीयूला भासवतो. गॅस सावकाश जळतो म्हणून काही गाड्यांत ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे नेणारा आणखी एक डबा लावतात. ट्यूनिंगच्या दुनियेत ज्याला पिगीबॅक म्हणतात, तो हाच प्रकार. फरक इतकाच की सीएनजी किट मान्यताप्राप्त असतं, त्याची नोंद आरसीवर होते, आणि ते बसवणाऱ्याला निदान एक ठरलेली पद्धत शिकवलेली असते.

मूळ ईसीयू काय करतो

ईसीयूचं मुख्य काम दोन आकडे काढण्याचं आहे: इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, आणि पिस्टन वर येण्याच्या किती अंश आधी ठिणगी द्यायची. त्यासाठी तो इंजिनाचा वेग आणि इंजिनात जाणारी हवा पाहतो. हवा मोजण्याच्या दोन रीती जपानी गाड्यांत दिसतात. होंडा बहुतेक जुन्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजते. निसान, सुबारू यांनी बरीच वर्षं हवेचा प्रवाह थेट मोजणारा मीटर वापरला. मूळ आकडे ईसीयूतल्या एका तक्त्यात असतात: वेग आणि भार यांच्या चौकटीत प्रत्येक जागी एक आकडा. मग पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर आणि नॉक सेन्सर यांच्या बोलण्यावरून त्या आकड्यात दुरुस्ती होते.

कारखाना हा तक्ता राखून लिहितो. तीच गाडी उन्हाळ्यात विदर्भात चालणार असते, भरलेल्या डिकीसह कसारा घाट चढणार असते, कुठल्याही पंपावरचं पेट्रोल पिणार असते. या राखीव जागेतून ट्यूनर ताकद काढतो. पण टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ही जागा लहान असते, आणि नुसतं सॉफ्टवेअर बदलून मोठा फरक पडतो असं सांगणारा माणूस काही तरी विकत असतो. २००० सालच्या सिटीचं १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन कारखान्यातूनच सुमारे १०६ अश्वशक्ती देत होतं. त्यात नव्या तक्त्याने मिळणारी भर मोजायला डायनो, म्हणजे ताकद मोजणारं यंत्र, लागेल, पाठीला जाणवेलच असं नाही. टर्बो इंजिनात चित्र बदलतं, कारण तिथे ईसीयू हवेचा दाबही ठरवतो. २०१७ सालच्या बलेनो आरएसमधलं एक लिटरचं बूस्टरजेट किंवा २०२३च्या फ्रॉन्क्समधलं टर्बो इंजिन नव्या तक्त्याला जास्त प्रतिसाद देतं, ते यामुळेच.

चार वाटा

पहिली वाट रिमॅपची. डबा मूळचाच राहतो, आतला तक्ता बदलतो. मित्सुबिशीची इव्हो आणि सुबारूची इम्प्रेझा यांच्यासाठी ईसीयूफ्लॅश हे सॉफ्टवेअर आणि टॅक्ट्रिक्सची ओपनपोर्ट केबल जगभर वापरली जाते. होंडाच्या काही गाड्यांसाठी होंडाटाचं फ्लॅशप्रो आहे. जुन्या निसानसाठी ऑस्ट्रेलियाच्या निसट्यूनची छोटी पाटी मूळ ईसीयूच्या आत बसते. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे एसी, मीटर, इमोबिलायझर, थंडीत चालू होणं, निदानाचे कोड, हे सारं जागच्या जागी राहतं. मर्यादा हार्डवेअरची. मूळ मॅनिफोल्ड सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजत असेल, तर टर्बो लावल्यावर त्याच्या पलीकडचं ईसीयूला दिसतच नाही.

दुसरी वाट चिपची, आणि ती होंडाच्या इतिहासात खास आहे. १९९२ ते १९९५च्या सिव्हिकमधल्या पी२८ ईसीयूच्या सर्किटवर बाहेरच्या चिपसाठी जागा रिकामी सोडलेली असते. तिथे ७४एचसी३७३ हा लॅच, २७सी२५६ जातीची मेमरी चिप आणि जे१ नावाच्या जागी एक जम्पर जोडला, की प्रोसेसर पोटातला कार्यक्रम सोडून बाहेरच्या चिपमधला वाचू लागतो. हे भाग लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ओळखीचे. क्रोम, नेपच्यून ही सॉफ्टवेअरं आणि होंडाटाचं एस३०० याच पायावर उभी राहिली. स्वस्त, शिकायला उत्तम, पण सोल्डरिंग ज्याला जमतं त्याच्यासाठी. आणि आपल्या सिटीत हा ईसीयू थेट बसत नाही. कनेक्टर, सेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर जुळवून वायरिंगचा जोड करावा लागतो.

तिसरी वाट पिगीबॅकची. अपेक्सीचा एसएएफसी, ग्रेडीचा ई-मॅनेज, दक्षिण आफ्रिकेचा युनिचिप ही यातली गाजलेली नावं. एसएएफसीसारखा साधा डबा हवेच्या सेन्सरचा सिग्नल कमी-जास्त करून मूळ ईसीयूला फसवतो. इथे एक खोच आहे. इंधन कमी करण्यासाठी 'हवा कमी आहे' असं सांगितलं, की ईसीयू भारही कमी आहे असं समजतो आणि कमी भारासाठीचं टायमिंग देतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी पडते. भर उन्हात, पूर्ण थ्रॉटलवर हेच नॉकिंगचं, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचं, आमंत्रण. उलट सावकाश, एका वेगाने चालताना मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून पिगीबॅकने केलेला बदल हळूहळू पुसून टाकतो. ई-मॅनेज अल्टिमेट आणि युनिचिप यांच्यात टायमिंग वेगळं सांभाळण्याची सोय आहे, म्हणून ते या जातीत वरचे. तरी मुळात दोन डबे एकाच इंजिनाला दोन गोष्टी सांगत असतात, हे विसरू नये. स्विफ्ट डिझेलवर लागणारे ट्यूनिंग बॉक्स याच गोत्रातले, तिथलं १.३ लिटरचं इंजिन फियाटचं आणि ईसीयू मॅग्नेटी मरेलीचा, तेव्हा जपानी गाडीचं पुस्तक तिथे उघडून उपयोग नाही.

चौथी वाट स्टँडअलोनची: मूळ ईसीयू काढायचा आणि सगळा कारभार नव्याकडे द्यायचा. सिडनीचं हॅलटेक १९८६पासून, मेलबर्नचं मोटेक १९८७पासून या धंद्यात आहे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचं लिंक, पोलंडचं ईसीयूमास्टर, स्वीडनचं मॅक्सईसीयू, अमेरिकेचं एईएम ही पुढची नावं. जपानमधून अपेक्सीचा पॉवर एफसी आणि एचकेएसचा एफ-कॉन व्ही प्रो आले. स्वतः जोडणाऱ्यांसाठी मेगास्क्वर्ट, आर्डुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो आणि रुसईएफआय आहेत. या वाटेने काहीही शक्य असतं: मोठे इंजेक्टर, मोठा टर्बो, दुसऱ्याच गाडीचं इंजिन. पण कारखान्याने वर्षानुवर्षं घासून बसवलेल्या गोष्टी, म्हणजे पहाटेची चालू होण्याची सवय, एसी लावल्यावरचं आयडलिंग, घाटातली गुळगुळीत चाल, या पुन्हा शून्यापासून लिहाव्या लागतात. पूर्ण थ्रॉटलचा तक्ता चांगल्या डायनोवर एका दिवसात होतो. सकाळी एका सेल्फात सुरू होणारी गाडी करायला त्याहून खूप जास्त वेळ जातो, आणि बिलात तो वेळ कुणी लिहीत नाही.

या वाटेचं उत्तम शिक्षण आपल्याकडे कॉलेजांच्या फॉर्म्युला संघांत मिळतं. विद्याविहारच्या के. जे. सोमय्या कॉलेजच्या ओरायन रेसिंगसारखे संघ मोटरसायकलचं इंजिन घेऊन गाडी बांधतात. स्पर्धेच्या नियमाने पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून जावी लागते, त्यामुळे मूळ तक्ता निरुपयोगी ठरतो आणि ईसीयू स्वतः ट्यून करण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथे लॉग, म्हणजे ईसीयूने टिपलेल्या नोंदी, वाचायला शिकलेली मुलं पुढे या धंद्यात आली, तर ग्राहकाला त्याचा फायदाच आहे.

ओळख पटवण्याची कला

जुना ईसीयू हातात आला की पहिलं वाचन स्टिकरचं. जपानी कंपन्यांचे पार्ट नंबर सुरुवातीच्या आकड्यांवरून घराणं सांगतात. होंडाचा इंजिन ईसीयू ३७८२०ने सुरू होतो आणि त्यापुढची तीन अक्षरं खरी ओळख: पी२८ म्हणजे सिव्हिकचं १.६ सिंगल कॅम व्हीटेक, पी३० म्हणजे बी१६ इंजिन, पी७२ म्हणजे इंटेग्रा जीएसआर, पी०८ म्हणजे जपानी बाजारातलं १.५ व्हीटेक. टोयोटाचा नंबर ८९६६१ने, निसानचा २३७१०ने, सुबारूचा २२६११ने, सुझुकीचा ३३९२०ने सुरू होतो. माझदाच्या नंबरात १८-८८१ हे आकडे असतात. बनवणाऱ्याचं नाव वेगळं असतं: डेन्सो, हिटाची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, केहिन. भारतीय सुझुकींत बॉशही येतो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक आणि बीएस टप्प्यागणिक हा बनवणारा बदलू शकतो, म्हणून 'स्विफ्टचा ईसीयू' एवढ्या वर्णनावर रिमॅपची फाइल मागवू नये. डब्यावरचा हार्डवेअर नंबर आणि आतला सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळले पाहिजेत.

दुसरं वाचन कनेक्टरचं. होंडाच्या प्लगचा आकार पिढीनुसार बदलला; स्टिकर फाटलेलं असलं तरी खोबणीवरून काळ कळतो. तिसरं वाचन, झाकण उघडून. स्क्रू आधी कुणी उघडलेले आहेत का, चिपच्या जागी सॉकेट आहे का, सोल्डर कारखान्याचा की हाताचा, हे पाहायचं. चिप केलेला पी२८ 'ओरिजिनल' म्हणून विकला जातो आणि त्यातला तक्ता कुठल्या इंजिनासाठी होता ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसऱ्याच्या इंजिनाचा तक्ता म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. दिसतं, पण ठेचही लागते.

चौथं वाचन पाण्याचं. अनेक जपानी गाड्यांत ईसीयू पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, बाजूच्या पॅनलमागे असतो. २६ जुलै २००५चा मुंबईचा पूर आणि जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात साचलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाण्यात बसलेल्या गाडीचा ईसीयू सुकवून, पुसून बाजारात येतो. पिनांवरचा हिरवट थर, पाटीच्या कडेची पांढरी बुरशी, झाकणाच्या आतल्या बाजूची चिखलाची रेघ ही त्याची लक्षणं. आणि नव्वदच्या दशकातल्या मित्सुबिशी ईसीयूंना पाणी न लागताही धोका असतो: त्यांतले कपॅसिटर म्हातारपणी गळतात आणि पाटीवरच्या रेषा खातात. झाकण उघडल्यावर माशासारखा वास आला तर ते तेच. वसईच्या खाऱ्या हवेत हा सगळा र्‍हास लवकर होतो.

बदली ईसीयूंची ओळख आणखी वेगळी. पॉवर एफसी हा गाडीप्रमाणे वेगवेगळ्या कनेक्टरचा येतो आणि त्यात एल-जेट्रो, म्हणजे हवेचा मीटर वापरणारा, आणि डी-जेट्रो, म्हणजे दाबाचा सेन्सर वापरणारा, असे दोन पंथ आहेत. कमांडर नावाचा छोटा पडदा सोबत नसेल तर साधा बदलही सहज करता येत नाही. एचकेएसचं व्ही प्रो त्यांच्या अधिकृत ट्यूनरांपुरतं राखलेलं. सॉफ्टवेअर नसलेल्या माणसाने ते घेतलं तर त्याच्या हातात फक्त एक जड डबा येतो. मोटेकच्या अनेक सोयी पैसे भरून, त्या डब्याच्या सिरियल नंबरला बांधलेल्या कोडने उघडतात, तेव्हा कोणत्या सोयी उघडलेल्या आहेत हे विकत घेण्याआधी पाहावं. एईएमच्या पहिल्या मालिकेला एक सॉफ्टवेअर लागतं, दुसरीला दुसरं. व्हायपेक या नावाचा डबा दिसला तर तो लिंकच्याच घरातला. मेगास्क्वर्टमध्ये एमएस१, एमएस२, एमएस३ ही प्रोसेसरची पिढी आणि व्ही३.० किंवा व्ही३.५७ ही पाटीची आवृत्ती, असे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. उत्तर एकच आलं तर विकणाऱ्याला माहिती नाही असं समजावं.

आणि नकली माल. ओपनपोर्ट केबलच्या आणि युरोपीय फ्लॅशिंग साधनांच्या नकला बाजारात उघड विकल्या जातात. लिहिता लिहिता मध्येच अडकलेली नकली केबल मूळ ईसीयू मारून टाकू शकते. ट्यूनर कोणतं साधन वापरतो आणि वाचलेली मूळ फाइल ग्राहकाला देतो का, हे विचारण्यात संकोच करू नये. जुना बदली ईसीयू घेताना तो लॅपटॉपला जोडून दाखवायला सांगावा. आधीच्या ट्यूनरने पासवर्ड टाकून ठेवलेला असला, तर आतला तक्ता वाचताही येत नाही आणि सुधारताही येत नाही.

निवड ठरवणाऱ्या बारीक गोष्टी

ईसीयूला इंजिन कुठे आहे हे कळायला क्रॅंक आणि कॅमचा सिग्नल लागतो, आणि इथे प्रत्येक जपानी घराण्याची स्वतःची भाषा आहे. टोयोटाच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये २४ दात. नंतरच्या इंजिनांत ३६ वजा २, म्हणजे ३६ दातांच्या जागांतल्या दोन रिकाम्या. निसानच्या प्रकाशाच्या सेन्सरमध्ये ३६० चिरा. सुबारूत ३६ वजा २ वजा २ वजा २. बदली ईसीयू ही रचना थेट ओळखतो का, हा पहिला तांत्रिक प्रश्न. ओळखत नसेल तर क्रॅंकवर नवं चाक बसवण्याचा खर्च आला.

मग इंजेक्टर. १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर साध्या ड्रायव्हरवर चालतात; २ ते ४ ओहमचे असतील तर त्यांच्यासाठी खास ड्रायव्हर किंवा रेझिस्टर बॉक्स हवा, नाही तर ईसीयूचं आउटपुट जळतं. मल्टिमीटरने हे दोन मिनिटांत कळतं. मग इग्निशन. २००३च्या सिटीतलं आय-डीएसआय इंजिन इथे चांगलं उदाहरण आहे. ७७ अश्वशक्तीच्या त्या शांत इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत आणि दोघांची वेळ परिस्थितीप्रमाणे मागेपुढे होते. चार आउटपुटचा स्वस्त ईसीयू तिथे पूर्ण न्याय देऊ शकत नाही. दिसायला साधी गाडी, बदलायला अवघड.

नव्या गाड्यांत आणखी एक अडसर आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांत ईसीयू एकटा राहत नाही. एबीएस, स्टिअरिंग, मीटर, गिअरबॉक्स यांच्याशी तो कॅन नावाच्या जाळ्यावर सतत बोलतो. थ्रॉटलला केबल नसते, मोटर असते. मारुतीच्या आयकॅट्ससारख्या इमोबिलायझरमध्ये किल्ली आणि ईसीयूची जोडी ठरलेली असते. अशा गाडीतला ईसीयू काढून दुसरा लावला की मीटरवर दिव्यांची रोषणाई होते. म्हणून २०१०नंतरच्या रस्त्यावरच्या गाडीला रिमॅप आणि नव्वदच्या दशकातल्या साध्या वायरिंगच्या गाडीला स्टँडअलोन, हा ढोबळ नियम बरोबर ठरतो.

उसाच्या रानातून आलेला प्रश्न

जपान-ऑस्ट्रेलियातल्या सल्ल्यांत नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आता निर्णायक झाली आहे. जून २०२२मध्ये देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३पासून २० टक्क्यांचं मिश्रण पंपांवर येऊ लागलं, आणि २०२५मध्ये ते सर्वसाधारण झालं. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इंजिनाच्या बाजूने याचा अर्थ असा: शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. २० टक्के मिश्रणाला हा आकडा १३.५च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ८ ते ९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं.

मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून सावकाश चालताना हे भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर तो सेन्सर सोडून तक्त्यावर चालतो, आणि दहा वर्षांपूर्वी शुद्ध पेट्रोलवर बनवलेला तक्ता तिथे कोरडा पडतो. टर्बो लावलेल्या जुन्या बलेनोत हाच कोरडेपणा पिस्टन वितळवायला पुरतो. दुसऱ्या बाजूने इथेनॉलचा ऑक्टेन वरचा आणि बाष्पीभवनाने हवा थंड करण्याचा गुण चांगला, त्यामुळे नीट ट्यून केलेल्या टर्बो इंजिनाला तो मित्रच आहे. उपाय दोन. गाडी हवा-इंधनाच्या प्रमाणाऐवजी लॅम्डा या मापात ट्यून करावी, कारण लॅम्डा एक म्हणजे कुठल्याही मिश्रणात पूर्ण ज्वलन. आणि बॉशच्या एलएसयू ४.९ सारखा वाइडबँड सेन्सर कायमचा बसवावा. गाडीतला साधा सेन्सर लॅम्डा एकच्या पलीकडे 'पातळ' किंवा 'दाट' एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. नव्या स्टँडअलोनमध्ये इंधनातलं इथेनॉल मोजणारा सेन्सर जोडता येतो. आज हॅलटेक, लिंक यांसारख्या डब्यांच्या बाजूने बोलणारा सर्वांत ठोस मुद्दा हाच आहे, आणि जुन्या पॉवर एफसीच्या विरुद्ध जाणाराही.

डिसेंबर २०२०पासून एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही पंपांवर मिळतं. त्यावर ट्यून केलेली गाडी नेहमी तेच पीत राहील याची खात्री असेल तरच त्यावर तक्ता करावा. नसेल, तर साध्या पेट्रोलचा तक्ता हाच रोजचा असू द्यावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं इथे सरळ अडकतं. तक्त्यातला बदल आरसीवर दिसत नाही, पण पीयूसीच्या यंत्राला दिसतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि वाढवलेल्या आयडलवर लॅम्डा एकच्या तीन शतांश आत ठेवावा लागतो. आयडलला दाट ठेवलेली, कॅटॅलिटिक काढून टाकलेली गाडी इथे नापास होते.

पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पापडीतली २००० सालची सिटी एमएच-४८च्या वसई आरटीओत दाखवायची वेळ येते, आणि तेव्हा बॉनेटखालचा टर्बो लपत नाही. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. आणखी एक: हमरस्त्यावर पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या मारत लॉग घेणं ही सर्रास चाललेली पद्धत आहे. कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यतीप्रमाणेच वेगाच्या चाचणीलाही मनाई करतं. वसई फाट्यापुढच्या हायवेवर कंटेनरांच्या मधून ट्यूनिंग करण्याला कायद्याचा तर नाहीच, शहाणपणाचाही पाठिंबा नाही. त्यासाठी डायनो आहे.

निवाडा

मूळ स्थितीतली किंवा सायलेन्सर-इनटेक बदललेली बिनटर्बो गाडी: ईसीयूला हात लावू नये. त्या पैशांत प्लग, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टरची सफाई आणि टायर करावेत. फरक जास्त जाणवेल. कारखान्याचीच टर्बो गाडी, बीएस-६: रिमॅप, तोही मूळ फाइल हातात देणाऱ्या आणि नंतर दार उघडणाऱ्या ट्यूनरकडून, आणि वॉरंटी धोक्यात येते हे मान्य करून. जुनी सिटी, कॅमशाफ्ट बदललेली, मालकाला शिकण्याची हौस: चिप केलेला होंडा ईसीयू किंवा मेगास्क्वर्ट, पण रोज कामावर जायची दुसरी गाडी असेल तर. बिनटर्बो इंजिनाला टर्बो लावलेला असेल, किंवा गाडी फक्त ट्रॅकवर जाणार असेल: स्टँडअलोन, आणि त्यात तोच ब्रँड जो आपला ट्यूनर स्वतः रोज वापरतो. मुंबई-पुण्यात ज्याचं सॉफ्टवेअर जाणणारी दोन माणसं सापडतात तो मध्यम डबा, एकालाही न कळणाऱ्या सर्वोत्तम डब्यापेक्षा चांगला. पिगीबॅकला आज फारशी जागा उरलेली नाही. जिथे मूळ ईसीयूत लिहिण्याची सोयच नाही तिथे तो टायमिंग सांभाळणारा असेल तरच घ्यावा.

खर्चाची वाटणीही याच क्रमाने करावी. आधी वाइडबँड, चांगला दाबाचा सेन्सर, नीट क्रिम्प केलेलं वायरिंग आणि डायनोचे तास. उरलेल्या पैशांत डबा. आणि काम झाल्यावर मूळ ईसीयू विकू नये. मूळ फाइल, नव्या तक्त्याची प्रत, वायरिंगचा कागद आणि पासवर्ड त्याच्यासोबत एका पिशवीत ठेवावेत. पुढच्या मेकॅनिकला, पुढच्या मालकाला आणि पासिंगच्या आदल्या दिवशी स्वतःलाच त्यांची गरज पडते.